श्लोकामागून येणारी भाषा : जुन्या नेवारी पोथ्या वाचायला शिकताना

नारदस्मृतीवर, म्हणजे न्यायनिवाड्याच्या जुन्या संस्कृत ग्रंथावर काम करणाऱ्या माणसाला कधी ना कधी नेपाळकडे वळावंच लागतं. सेसिल बेंडॉल या इंग्रज अभ्यासकाला १९व्या शतकाच्या शेवटी तिथे नारदाची जुनी ताडपत्राची पोथी मिळाली, युलियस योलींनी १८८९ सालच्या भाषांतरात तिचा उपयोग केला, पुढे रिचर्ड लारिव्हिएर यांनी १९८९ मध्ये चिकित्सक आवृत्ती काढली तेव्हाही नेपाळच्या पोथ्यांना मोठं वजन दिलं. मी पुण्यात संस्कृत शिकलेली, मोडीचा वर्ग केलेली, आणि डोक्यात सतत व्यवहारपदं म्हणजे कर्ज, ठेव, भागीदारी, सीमावाद हेच विषय. त्यामुळे काठमांडूला गेले ती संस्कृत पाठ बघायला गेले हे सरळच आहे. पण तिथे जे समोर आलं त्यामुळे कामाची दिशाच बदलली, कारण संस्कृत श्लोक संपला की दंड, आणि दंडानंतर लगेच त्याच ओळीत, त्याच हातातलं, दुसऱ्याच भाषेतलं गद्य सुरू. लिपी तीच, शाई तीच, मधेमधे ओळखीचे संस्कृत शब्द, पण वाक्य काही केल्या हाताला लागत नाही. ही जुनी नेवारी. तिचे लोक तिला नेपालभाषा म्हणतात, मराठीत नेवारी हेच नाव जास्त चालतं म्हणून मी इथे तेच वापरतेय.

त्या ग्रंथाचं नाव न्यायविकासिनी. नारदस्मृतीवरची नेवारी टीका, नेपाळ संवत ५०० म्हणजे इ.स. १३८० ची, माणिक नावाच्या पंडिताने केलेली, राजा जयस्थिति मल्लाच्या काळातली. मानवन्यायशास्त्र असंही तिचं नाव चालतं, कारण नारदाची संहिता स्वतःला मनूच्याच शास्त्राचा भाग म्हणवते. विचार करा, आपल्याकडे ज्ञानेश्वरी होऊन जेमतेम ९० वर्षं झालीयत आणि तिकडे हिमालयाच्या पायथ्याशी तिबेटी-बर्मी कुळातल्या एका भाषेत कुणीतरी कर्जाचा कायदा समजावून सांगतोय. तो सगळा भाग वगळून मी फक्त वरचे श्लोक उतरवून परत यायचं? ते मला जमलं नाही, पटलंही नाही. मग ही भाषा शिकायचीच असं ठरवलं. त्या शिकण्याबद्दल लिहितेय, कारण मराठीत याबद्दल काहीच वाचायला मिळत नाही आणि संस्कृतची, लिप्यांची आवड असलेली आपल्याकडची बरीच मंडळी हे करू शकतील असं मला मनापासून वाटतं.

आधी पोथी सापडायला पाहिजे. इथे नशीब चांगलं, कारण नेपाळ आणि जर्मनी यांनी मिळून १९७० पासून २००१ पर्यंत तिथल्या पोथ्यांची मायक्रोफिल्म करायचा प्रकल्प चालवला, १,८०,००० च्या आसपास पोथ्या, पानं म्हणाल तर ५० लाखांच्या घरात. त्याच्या फिल्मचा एक संच काठमांडूच्या राष्ट्रिय अभिलेखालयात आणि एक बर्लिनच्या स्टेट लायब्ररीत. नंतर हॅम्बुर्ग विद्यापीठाने कॅटलॉगचं काम हाती घेतलं आणि ते ऑनलाइन टाकलं, त्यामुळे घरी बसून बरीच पूर्वतयारी होते. रिळांना अक्षरं आहेत, ए आणि बी म्हणजे अभिलेखालयाचा स्वतःचा संग्रह (जुनं दरबाराचं वीर पुस्तकालय, तेच पुढे इथे आलं), सी म्हटलं की कैसर लायब्ररी, ई म्हटलं की लोकांच्या घरातल्या खासगी पोथ्या. हे अक्षर आणि पुढचे दोन आकडे नीट लिहून नेले की काउंटरवरचं काम निम्मं होतं.

पण गंमत अशी की कॅटलॉगमध्ये नेवारी शोधायला गेलात तर नेवारी फारशी सापडतच नाही. ग्रंथाचं नाव संस्कृत, विषय धर्मशास्त्र किंवा वैद्यक किंवा कोश, आणि भाषेच्या रकान्यात बारीक अक्षरात संस्कृत, नेवारी. बस. म्हणजे अमरकोश म्हणून जी पोथी दिसते तिच्यात शब्दाशब्दाला नेवारी अर्थ दिलेला असतो, हरमेखला म्हणून वैद्यकाची पोथी दिसते ती १३७४ ची आणि नेवारी अर्थासकट. मी शेवटी नावावरून शोधणंच सोडलं आणि भाषेचा रकाना धरून एकेक विषय चाळत गेले, आणि तेव्हा लक्षात आलं की सुरुवातीचं नेवारी साहित्य वेगळं असं कुठे मांडून ठेवलेलंच नाहीये. ते संस्कृत ग्रंथाच्या पोटात आहे, जमिनीच्या दस्तात आहे, पोथीच्या शेवटी लेखनिकाने दिलेल्या मजकुरात म्हणजे पुष्पिकेत आहे. कुणी कवितेचा पहिला ग्रंथ शोधत बसला तर त्याला १४वं शतक रिकामंच दिसणार, आणि ते रिकामं नाही, अजिबात नाही.

लिपीसाठी मला काठमांडूजवळच्या पाटणमधले एक वयस्कर वज्राचार्य (नेवार बौद्ध पुरोहित) भेटले, त्यांना सगळे गुरुजू म्हणतात, मीही तेच म्हणायला लागले, ते मला नानी म्हणायचे. त्यांचं पहिलं सांगणं असं की आधी वाचू नकोस, नुसतं उतरव. अर्थ लागला नाही तरी चालेल पण अक्षराचं वळण हाताला यायला पाहिजे. सुरुवात प्रचलित नावाच्या लिपीने, कारण ती देवनागरी येणाऱ्याला लवकर येते, पाटणच्या गल्ल्यांत पाट्यांवर पण दिसते. तिचा हात बसला की मग भुजिंमोल. भुजिं म्हणजे माशी आणि मोल म्हणजे डोकं, अक्षराच्या माथ्यावर सरळ शिरोरेघ नसून छोटासा बाक असतो, आणि १४व्या शतकातल्या ताडपत्रांवर तो बाक कधी इतका जाड की खालचं अक्षर व आहे, च आहे की र आहे हे शेजारच्या अक्षरावरूनच ठरवावं लागतं. न्यायविकासिनी, गोपालराजवंशावली (नेपाळच्या राजांची जुनी वंशावळ), जमिनीचे दस्त, हे सगळं वाचायचं तर भुजिंमोलला पर्याय नाही.

दोन गोष्टींनी मला खूप मदत केली आणि दोन्ही आपल्याकडच्या. एक म्हणजे पृष्ठमात्रा. ए चा मात्रा अक्षराच्या डोक्यावर न देता आधी डावीकडे उभ्या दांडीसारखा द्यायचा, आणि ओ असेल तर डावीकडे दांडी नि उजवीकडे काना. यादवकालीन मराठी शिलालेखांचे ठसे ज्यांनी बघितलेत त्यांना हे माहीत आहे, त्यांना नेवारी पान बघून बिचकायला होत नाही. दुसरी मोडी. मोडीची अक्षरं इथे उपयोगाची नाहीत, पण मोडी वाचणाऱ्याला ऱ्हस्व-दीर्घाचा मोह सोडून द्यायची सवय असते, आणि नेवारी लेखक तर त्याच्याही पुढे. स, श, ष कुठलाही कुठेही, ब आणि व एकच, र च्या जागी ल आणि ल च्या जागी र, य आणि ज ची अदलाबदल. फक्त शुद्ध संस्कृत वाचणाऱ्या माणसाला हे सगळं अशुद्ध वाटतं आणि तो प्रत्येक शब्द मनातल्या मनात दुरुस्त करत जातो, आणि तिथेच नेवारी शब्द हातचा निसटतो, कारण त्याला वाटतं हा चुकलेला संस्कृत शब्द आहे. गुरुजू म्हणायचे, आहे तसं लिही, सुधारू नकोस. बोलीचा आवाज त्या अदलाबदलीतच ऐकू येतो.

पानाचा आकडा वाचायला पण शिकावं लागतं. जुन्या ताडपत्रांवर उजव्या समासात साधा आकडा आणि डाव्या समासात अक्षराने दिलेला आकडा, म्हणजे विसाला थ, तिसाला ल, असं. उजवीकडची कडा झिजली असेल तर डावीकडचं अक्षर पोथीचा क्रम सांगतं, त्यामुळे हे शिकणं म्हणजे हौस नाही, विस्कटलेल्या पानांना क्रम लावायचा तर तोच आधार. ताडपत्रं काठमांडूच्या खोऱ्यात होत नाहीत, ती भारतातून यायची, त्यावर दक्षिणेसारखं कोरत नाहीत तर बोरूने शाईत लिहितात, आणि दोरीसाठी एकच भोक, तेही बहुतेक मध्यापासून जरा डावीकडे. भोकाच्या भोवती चौकोनी जागा कोरी सोडलेली असते आणि कधीकधी एखादा नेवारी प्रत्यय त्या जागेच्या अलीकडे तुटतो आणि पलीकडे सुरू होतो. फिल्मवर बघताना हे फार जपावं लागतं. पुढे कागद आला, लोकताच्या सालीचा, मग थ्यासफू म्हणजे घडीच्या पोथ्या आल्या, किडीपासून वाचावं म्हणून हरताळ फासलेला पिवळा कागद आला, आणि या पिवळ्या कागदावरची काळी शाई इतकी ठळक असते की ताडपत्रावरून तिकडे वळलं की डोळ्यांना विसावा मिळतो.

आता भाषा. कोश आहे, हान्स यॉर्गेनसेन यांचा १९३६ चा, आणि त्यांचंच १९४१ चं व्याकरण. दोन्ही अजून लागतातच. पण त्यांच्यापुढे होत्या त्या मुख्यतः बऱ्याच उशिराच्या कथांच्या पोथ्या, १४व्या शतकातला शब्द तिथे असेलच असं नाही. मग शब्दाचा अर्थ आणायचा कुठून? याचं उत्तर मला सगळ्यात जास्त आवडलं, अमरकोशातून. अमरकोश आपण सगळे ओळखतो, कुठल्या श्लोकात कुठला शब्द आणि त्याचा अर्थ काय हे पक्कं माहीत असतं. नेवारी पंडितांनी त्याच्या पोथ्यांमध्ये प्रत्येक संस्कृत शब्दाला, शब्दगटाला नेवारी शब्द जोडून दिलाय, १३८० च्या दशकापासून पुढे कित्येक शतकं हे काम चालूच राहिलं. म्हणजे संस्कृत बाजू स्थिर, आणि तिच्यासमोरचा नेवारी शब्द शतकागणिक कसा बदलत गेला ते रांगेने दिसतं. पाण्याच्या शब्दांसमोर जुन्या पोथीत लंख मिळतं, आज काठमांडूत माणूस लः म्हणतो, आणि घराला छे, झाडाला सिमा, हे तर आजही कानावर पडतात. कमलप्रकाश मल्ल यांच्या प्रमुख संपादनाखाली २००० साली जो अभिजात नेवारीचा कोश निघाला त्यामागे हीच पद्धत आहे, पोथ्यांमधून थेट शब्द वेचायचे आणि प्रत्येकाला साल जोडायचं. मी माझ्यापुरतं तेच केलं. वही घेतली, अमरकोशाचा वर्ग घेतला (मी वैश्यवर्गापासून सुरुवात केली कारण शेती, व्यापार, उधारी याचे शब्द तिथे मिळतात), आणि संस्कृत, नेवारी, पोथीचं साल असे रकाने पाडले. कंटाळवाणं काम आहे असं ऐकणाऱ्याला वाटेल, मला तसं एकदाही वाटलं नाही, कारण प्रत्येक रकान्यात कुणीतरी ६०० वर्षांपूर्वी आपल्या शिष्याला सांगितलेला घरचा शब्द आहे.

वाक्यरचना मराठी माणसाला जड जात नाही. क्रियापद शेवटी, षष्ठीला या, सप्तमीला स, कर्त्याला न लागतो, आणि कुणी काही बोललं की ते बोलणं संपल्यावर धक येतं, जसं आपण म्हणून किंवा असं म्हणतो. इंग्रजीतून शिकणारे या धकपाशी अडखळताना मी पाहिलेत, मराठीतून गेलं तर ते सहज अंगवळणी पडतं. मोजायच्या वस्तूला वेगळा प्रत्यय आणि जिवंत प्राण्याला वेगळा, हे मात्र आपल्याला नवीन, आणि क्रियापदाची रूपं तर चांगलीच नवीन, तिथे वेळ द्यावाच लागतो.

या तयारीनंतर न्यायविकासिनीचं ऋणादान, म्हणजे कर्जाचं प्रकरण, परत उघडलं. ऋणं देयमदेयं च येन यत्र यथा च यत्, हा नारदाचा पहिला श्लोक, म्हणजे कुठलं कर्ज फेडायचं, कुठलं नाही, कुणी, कुठे, कसं. त्यानंतरचं नेवारी गद्य आता उलगडायला लागलं. ऋण, साक्षी, लेख हे शब्द संस्कृतच राहतात पण त्यांच्या शेपटीला नेवारी प्रत्यय लागतो, आणि श्लोकातल्या येन, यत्र, यथा या आखडत्या शब्दांचं तिथे सरळ बोलतं वाक्य होतं. माझ्या मते ही टीका म्हणजे साहित्य नव्हे असं म्हणणारे तिच्यावर अन्याय करतात. एखादी भाषा पहिल्यांदा मोठ्या, किचकट विचाराचं ओझं उचलते, कायद्याचं अट-अपवाद असलेलं लांब वाक्य तोलते, ते गद्य म्हणून फार मोठं आहे. आणि संस्कृत न येणाऱ्या, म्हणजे न्यायनिवाड्याला बसणाऱ्या आणि उभं राहणाऱ्या माणसासाठी ते लिहिलं गेलं असणार, निदान मला ते तसंच वाचायला लागतं.

त्यानंतर वळले गोपालराजवंशावलीकडे. ही माझ्या दृष्टीने जुन्या नेवारीची सगळ्यात जिवंत पोथी. बेंडॉल हे हरप्रसाद शास्त्रींबरोबर १८९८-९९ मध्ये दरबार लायब्ररीत काम करत होते तेव्हा ती उजेडात आली, नंतर १९८५ मध्ये धनवज्र वज्राचार्य आणि कमलप्रकाश मल्ल यांनी पानांच्या छायाचित्रांसह, लिप्यंतर आणि भाषांतरांसह ती छापली, त्यामुळे शिकणाऱ्याला स्वतः वाचून मग ताडून बघता येतं. सुरुवातीची १६ पानं नाहीत, १७व्या पासून हातात येते. पहिला भाग मोडक्यातोडक्या संस्कृतात राजांची यादी, आणि पुढचा मोठा भाग नेवारीत, १३व्या शतकाच्या मध्यापासून १३८९ पर्यंत. सं (संवत) हे अक्षर, मग आकडा, महिना, तिथी आणि मग काय घडलं ते. राजपुत्राचा जन्म, कोट पडला, देवळाला आग लागली, दुष्काळ, कोण कुणाला भेटायला गेलं. छोटी छोटी वाक्यं, अलंकार नाहीत, कौतुक नाही.

इथे तारीख काढायला शिकावं लागतं आणि इथेही मराठी माणूस घरचाच. नेपाळ संवत २० ऑक्टोबर ८७९ ला सुरू होतो, कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे आपल्या दिवाळी पाडव्याला. त्या दिवशी नेवार घरांत म्हपूजा असते आणि नवं वर्ष लागतं. महिने अमान्त, आपल्यासारखेच, म्हणजे वद्य पक्षातली तिथी आली की उत्तरेतल्या पौर्णिमान्त हिशोबाने एक महिना मागेपुढे करावं लागत नाही. कार्तिकापासून डिसेंबरअखेरपर्यंतची घटना असेल तर ८७९ मिळवायचे, त्यानंतरची असेल तर ८८०. सं ४७० मार्गशीर्ष म्हणजे १३४९ चा हिवाळा. बंगालच्या सुलतान शम्सुद्दीन इलियासची स्वारी त्याच वेळची, खोरं जाळलं, पशुपतीच्या लिंगाचे तीन तुकडे केले असं वंशावळ सांगते, आणि स्वयंभूच्या १३७२ च्या शिलालेखातही या स्वारीचा उल्लेख आहे, म्हणजे ताडपत्र आणि दगड एकमेकांना दुजोरा देतात. सं ३७५ आषाढ म्हणजे १२५५ चा जून, मोठा भूकंप, एक तृतीयांश लोक मेले, राजा अभय मल्लही त्यातच काही दिवसांत गेला. ही नोंद मी वाचली ती २०१५ च्या भूकंपानंतर. कैसर लायब्ररीच्या इमारतीला तेव्हा मोठं नुकसान झालं होतं, अभिलेखालयालाही तडे गेले होते, आणि पोथ्या सांभाळणारी माणसं त्या दिवसांबद्दल जे सांगायची ते ऐकल्यावर त्या जुन्या चार शब्दांच्या नोंदीपाशी मी बराच वेळ थांबले. गुरुजूंनी ती ओळ माझ्याकडून दोनदा वाचून घेतली आणि दुसऱ्यांदा वाचताना तेही माझ्याबरोबर पुटपुटत होते.

पुष्पिकांबद्दल सांगायलाच पाहिजे. लुचानो पेटेक या इटालियन इतिहासकाराने मध्ययुगीन नेपाळच्या राजांचा क्रम बराचसा पोथ्यांच्या पुष्पिकांवरून लावला, १९५८ मध्ये. कारण प्रत्येक लेखनिक शेवटी संवत, तिथी, नक्षत्र, वार देतो आणि अमुक राजाच्या विजयराज्ये असं लिहितो. तिथी आणि वार जुळतात का हे पंचांगाच्या गणिताने तपासलं की पोथीचा दिवस पक्का होतो. आणि मग तो श्लोक, उदकानलचौरेभ्यो मूषिकेभ्यस्तथैव च, रक्षितव्यं प्रयत्नेन मया कष्टेन लिख्यते. पाणी, आग, चोर आणि उंदीर. आपल्याकडच्या पोथ्यांत तैलाद्रक्षेज्जलाद्रक्षेत् असतं, भावना तीच. पुष्पिकेत संस्कृत सुरू होता होता एकदम दोन शब्द नेवारी येतात, कुणासाठी लिहिलं, कुठल्या बहालात म्हणजे विहारात बसून लिहिलं, आणि मला नेहमी वाटतं की लेखनिक दमला की त्याच्या तोंडी त्याची भाषा येते.

नेवारीचा सगळ्यात जुना तारीखवार लेख म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवतात तो पाटणच्या उकु बहालातला, म्हणजे रुद्रवर्ण महाविहारातला ताडपत्राचा तुकडा, १११४ चा. श्रवणबेळगोळच्या श्रीगंगराजें सुत्ताले करवियलें या ओळीच्या आसपासचाच काळ. त्यातही कविता नाही, विहाराच्या मालमत्तेचा व्यवहार आहे, तृसंघ परिभोग असे शब्द येतात, त्रिसंघ नाही तर तृसंघ, लेखनाची ती जुनी खोड तिथेच दिसते. १११४ पासून पुढे दोन-अडीचशे वर्षं जे काही मिळतं ते बहुतेक असंच, दस्त आणि लेख. म्हणून मी दस्त वाचायला आशा सफूकुथिला गेले. काठमांडूच्या कुलांभुलूला ही लायब्ररी आहे, प्रेमबहादुर कंसाकार यांनी स्वतःचा संग्रह देऊन उभी केलेली, वडिलांच्या, आशामानसिंह यांच्या नावाने, १९८७ पासून सगळ्यांना खुली. नेपाळवर राणा घराण्याची सत्ता होती त्या काळात नेवारीत लिहिलं म्हणून लेखकांना तुरुंगात टाकलं जायचं, १९४०-४१ मध्ये चित्तधर हृदय, सिद्धिचरण श्रेष्ठ असे कवी आत गेले. त्या काळात ज्यांनी घराच्या माळ्यावर पोथ्या जपल्या त्यांच्यामुळे आज हे वाचायला मिळतंय. ६,७०० च्या वर हस्तलिखितं आणि १,१०० च्या वर जमिनीचे ताडपत्री दस्त तिथे आहेत.

जमिनीचा दस्त म्हणजे एकच लांब पट्टी, एका टोकाकडून गुंडाळलेली, टोकाला मातीचा शिक्का. सुरुवात ठरलेल्या संस्कृतात, देशकालानुसार चालू भावाने मोल घेऊन विकलं वगैरे, मग चतुःसीमा, पूर्वेला अमक्याचं शेत, पश्चिमेला वाट, दक्षिणेला पाट. आपल्याकडच्या खरेदीखतात आजही चतुःसीमा असतेच, त्यामुळे साचा ओळखीचा. पण शेताचं नाव आलं, वाडीचं नाव आलं की संस्कृत थांबतं, कारण त्या नावांना संस्कृत नाहीच. अशी नावं १३व्या-१४व्या शतकातल्या दस्तांतून वेचली तर त्या काळचा बोलीतला सगळा भूगोल उभा राहतो. यावर कुणीतरी आयुष्य घालावं इतकं काम पडलंय.

कविता-नाटक कधी येतं? हळूहळू येतं, कथा आधी. तंत्राख्यान, म्हणजे पंचतंत्राच्या कुळातलं, नेवारीत १५१८ चं मिळतं. मग १७व्या शतकात मल्ल राजे स्वतःच लिहायला बसतात, पाटणचा सिद्धिनरसिंह, काठमांडूचा प्रताप मल्ल, भक्तपूरचे जगत्प्रकाश, जितामित्र, भूपतींद्र. नाटकांच्या पोथ्या तर फारच वेगळ्या, गाणी मैथिलीत किंवा बंगाली वळणाची आणि कोण आला, कोण गेला, कुणी काय करायचं या सूचना नेवारीत. ऑगस्ट कॉनराडींनी १८९१ मध्येच हरिश्चंद्रनृत्य छापलं होतं. सीगफ्रीड लीनहार्ड यांनी पुढे गाणी गोळा केली. मी या भागात जास्त रमले नाही, त्याचे जाणकार पुष्कळ आहेत. मला ओढ १४व्या शतकाची, जिथे अजून राजाने कविता करावी एवढी ती भाषा प्रतिष्ठेची झालेली नव्हती आणि तरी कायदा, औषध, कोश आणि इतिहास एवढं सगळं तिने एकाच पिढीत पेललं. हरमेखला १३७४, न्यायविकासिनी १३८०, अमरकोशाची टीका त्याच दशकात, वंशावळ १३८९ पर्यंत. पंधरा वर्षांत एवढं. इलियासच्या स्वारीत पोथ्या गेल्या, देवळं गेली, त्यानंतर सगळं परत उभं करायच्या काळात हे झालं, आणि संस्कृत जाणणारी माणसं कमी उरली म्हणून असेल किंवा जयस्थिति मल्लाला घडी बसवायची होती म्हणून असेल, मला दोन्ही कारणं खरी वाटतात.

ज्यांना हे करायचंय त्यांच्यासाठी थोडं. संस्कृत पाहिजेच, त्यातही अमरकोश हाताशी पाहिजे, पाठ असेल तर उत्तमच. आधी प्रचलित लिपी, मग भुजिंमोल, उलटं करू नका. वंशावळीची छापील आवृत्ती घेऊन लिप्यंतर झाकून वाचायचा सराव करा. फिल्मवर ओळ पुसट दिसली तर मूळ पोथी बघायची परवानगी मागा, वेळ लागतो पण मागाच, कारण भोकाजवळची आणि कडेची अक्षरं फिल्मवर फसवतात. आणि काठमांडूत कुणीतरी नेवार बोलणारं माणूस शोधा, कारण जुना शब्द घरातल्या आजीकडून कधी कधी असा सहज निघतो की कोशात शोधायची गरज राहत नाही.

सध्या मी ऋणादानातले साक्षीचे श्लोक घेतलेत, कुणाची साक्ष चालते, कुणाची नाही. तिथे नेवारी टीकाकार संस्कृत यादीतल्या माणसांना आपल्या खोऱ्यातले शब्द देतो, आणि ते शब्द अमरकोशाच्या पोथ्यांतल्या मनुष्यवर्ग आणि शूद्रवर्गाशी जुळवून बघायचं काम चालू आहे. काही जुळलेत, बरेच बाकी आहेत.